अशक्त देहाची पदयात्रा

(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा औरंगाबाद जिल्हा, हा पायी चालणाऱ्यांचा मुलूख आहे. ज्येष्ठ महिन्यात पैठणहून नाथांची पालखी निघते आणि अठरा-एकोणीस मुक्काम करीत आषाढीला पंढरपूर गाठते. त्या दिंडीत पैलवान थोडेच असतात? गुडघे धरलेली म्हातारी असते, दम लागणारा दुकानदार असतो, वर्षभर गादीवर बसून हिशेब लिहिणारा कारकून असतो. घरातली आजी दरवर्षी म्हणते, “यंदा काही जमायचं नाही बाबा,” आणि दिंडीचा दिवस उजाडला की तुळस डोक्यावर घेऊन सर्वांच्या आधी उंबऱ्याबाहेर उभी राहते.

याच पैठणच्या नाथांची कावडीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. काशीचे गंगाजल कावडीत घेऊन नाथमहाराज रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी कावडीतले पाणी त्याच्या मुखात घातले. बरोबरचे लोक हळहळले, यात्रा फुकट गेली म्हणाले. नाथांना वाटले की रामेश्वर इथेच भेटला. लांबची वाट चालण्याचे पुण्य मुक्कामाला पोहोचण्यात आहे, की वाटेत कुणाला तरी काही देण्यात आहे, हा प्रश्न या कथेने आपल्यापुढे ठेवला आहे.

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या प्रसंगी या प्रश्नाचा विचार करताना एका मराठी माणसाची आठवण होते. दुसऱ्यांसाठी मागत तो तेरा वर्षे देशभर पायी हिंडला, आणि ज्या दिवशी तो निघाला त्या दिवशी कोणत्याही वैद्याने त्याला चालायला परवानगी दिली नसती. ते आचार्य विनोबा भावे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. त्यांची ‘गीताई’ मराठी घराघरांत आहे. नाथांच्या भजनांचीही त्यांनी निवड करून ठेवली आहे. पण पदयात्री म्हणून त्यांना आधी कुणी ओळखत नव्हते. १९२१ साली ते वर्ध्याला आले आणि त्यानंतरची तीस वर्षे, तुरुंगवासाचा काळ सोडला तर, बहुतेक आश्रमातच राहिले. सूतकताई, अध्ययन, शेती आणि मौन असा त्यांचा दिवस जाई. गर्दीची त्यांना आवड नव्हती. १९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा हे विनोबा कोण, असे देशातील पुष्कळांनी विचारले.

प्रकृती तर फारच नाजूक. १९३८ साली त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोवर आले होते. गांधीजींना काळजी पडली. कुठेतरी हवापालटासाठी जा, असे त्यांनी बजावले. विनोबा फार लांब गेले नाहीत. वर्ध्याजवळच पवनार येथे धाम नदीच्या काठी जाऊन राहिले. डोक्यातील सारे विचार पुलापाशीच सोडून ते त्या घरात शिरले आणि शेतात कुदळ घेऊन खणू लागले. पहिल्या दिवशी काही मिनिटेच खणले. दुसऱ्या दिवशी थोडे अधिक. असे करता करता तास-दोन तास खणण्यापर्यंत मजल गेली. वजन वाढले, अंगात बळ आले. ज्यांना आपल्या देहाचा भरवसा वाटत नाही, त्यांनी ही कुदळ लक्षात ठेवावी. एका दिवसात डोंगर खणायचा नाही, पण एकही दिवस कुदळ खाली ठेवायची नाही, एवढीच त्यांची तालीम होती.

पुढे १९५१ साल उजाडले. हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरायचे होते. विनोबांचा जाण्याचा विचार नव्हता. शंकरराव देवांनी आग्रह धरला. त्या वेळी पवनारच्या आश्रमात पैशाचा वापर सोडून देण्याचा प्रयोग चालू होता. मग रेल्वेचे तिकीट कशाने काढायचे? विनोबा म्हणाले की येतो, पण पायी येतो. वय पंचावन्न. पोटातील व्रणाचा जुना विकार. आहार म्हणजे थोडे थोडे दूध आणि दही. वाट सुमारे तीनशे मैलांची, म्हणजे जवळजवळ पाचशे किलोमीटरची. मार्च महिन्यात ते निघाले, विदर्भाचे ऊन डोक्यावर घेत महिनाभर चालले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संमेलनाला पोहोचले.

आपल्या भागातील वडीलधाऱ्यांनी त्या काळच्या हैदराबाद संस्थानाच्या गोष्टी सांगितलेल्या आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. मराठवाडा आणि तेलंगण तेव्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. तेलंगणात जमिनीच्या प्रश्नावरून रक्त सांडत होते. जमीनदार भीतीने गाव सोडून जात होते, गरिबांवर रात्री एकांची आणि दिवसा दुसऱ्यांची दहशत होती. संमेलन आटोपल्यावर विनोबांना परत फिरता आले असते. परंतु १५ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, ते तेलंगणच्या गावांकडे पायी निघाले.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली या गावी आले. तेथील दलित वस्तीत चाळीस कुटुंबे होती. काम मिळाले तर भाकरी, नाही तर उपास, अशी त्यांची स्थिती. काय हवे, असे विचारल्यावर त्यांनी ऐंशी एकर जमीन मागितली, चाळीस एकर बागायत आणि चाळीस एकर जिरायत. सरकारकडे अर्ज करू, असे विनोबांच्या मनात आधी आले. पण सरकार दूर, अर्ज त्याहून दूर. म्हणून त्यांनी समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच विचारले, तुमच्यापैकी कुणाला काही करता येईल काय? तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मागितले ऐंशी, मिळाले शंभर! त्या रात्री विनोबांना झोप आली नाही. हा देवाचा संकेत मानावा की योगायोग मानावा? हा संकेत मानला तर जन्मभर दारोदार मागत हिंडावे लागणार होते. सकाळी ते पुढच्या गावाला निघाले आणि तिथेही त्यांनी जमीन मागितली. एक्कावन्न दिवसांत बारा हजार एकरांहून अधिक जमीन मिळाली.

त्याच वर्षी पंडित नेहरूंनी चर्चेसाठी दिल्लीला बोलावले. विमान पाठवता आले असते, गाडी पाठवता आली असती. विनोबा १२ सप्टेंबरला पवनारहून पायी निघाले आणि दोन महिन्यांनी दिल्लीला राजघाटावर पोहोचले. मग उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, दक्षिणेतील प्रांत, महाराष्ट्र, गुजरात, काश्मीर, आसाम. १० एप्रिल १९६४ रोजी ते पुन्हा पवनारला आले तेव्हा तेरा वर्षे उलटून गेली होती आणि वय अडुसष्ट झाले होते.

हे कसे जमले? त्यात चमत्कार नव्हता, नेम होता. पहाटे तीनच्या सुमारास उठायचे, प्रार्थना करायची आणि उजाडण्यापूर्वी कंदिलाच्या उजेडात वाट धरायची. रोज दहा-बारा मैल, म्हणजे पंधरा ते वीस किलोमीटर. ऊन चढण्याआधी पुढचे गाव गाठायचे. दुपारी लोकांना भेटायचे, सायंकाळी प्रार्थनासभेत बोलायचे आणि रात्री लवकर निजायचे. पोटाला झेपेल तेवढेच, ठरल्या वेळी, थोडे थोडे खायचे. एक दिवस तीस मैल चालून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायचे, हा प्रकार नाही. आपल्या दिंडीचे मुक्कामही शतकानुशतके असेच बांधलेले आहेत. अशक्ताला पेलेल तेवढाच टप्पा, म्हणून तर आजीसुद्धा पंढरपूर गाठते.

देहाने दगाही दिला. १९५२ च्या अखेरीस चांडिल येथे, जे आता झारखंडात आहे, त्यांना घातक हिवतापाने गाठले. प्राणावर बेतले होते. औषध न घेण्याचा त्यांचा हट्ट होता. देशभरातील मोठमोठ्यांनी विनवण्या केल्या, तेव्हा त्यांनी औषध घेतले. मग काही महिने तिथेच थांबले आणि अंगात बळ आल्यावरच पुढे निघाले. मोठ्या पदयात्रीने औषध घेतले आणि विसावा घेतला, यात त्याला कमीपणा आला नाही. आजच्या हौशी पदयात्रींनी एवढे तरी शिकावे. पायाला फोड आले, छातीत कळ आली, तरी संकल्पापायी चालतच राहणे ही भक्ती नव्हे. देह हे देवाने दिलेले वाहन आहे, ते मोडून यात्रा होत नाही.

ही स्मरणिका मंदिराची आहे, म्हणून आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. १९५३ साली बिहारात वैद्यनाथधामच्या मंदिरात विनोबा दलित बांधवांसह गेले असता त्यांच्यावर लाठ्या पडल्या आणि त्यांच्या कानाला इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा करू नये, असेच त्यांनी सांगितले. पाच वर्षांनी, १९५८ च्या मे महिन्यात, पंढरपूरला वेगळे घडले. निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांसह त्यांना विठ्ठलाच्या दर्शनाला सन्मानाने नेण्यात आले, आणि पांडुरंगापुढे विनोबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. देऊळ दगडाने मोठे होते, पण त्याहून अधिक ते उघड्या दाराने मोठे होते.

आता दानाविषयी. लोकांनी जमीन का दिली? जमीन म्हणजे शेतकऱ्याचे काळीज. बांधावरच्या वीतभर जागेसाठी भाऊ भावावर दावा लावतो. मग परक्या माणसाला एकर-दोन एकर कसे दिले गेले? विनोबा म्हणत की घरात पाच मुलगे असतील तर सहावा समजून वाटा द्या. हे बोलणे गोड होतेच. पण तेच बोलणे मोटारीतून उतरून कुणी केले असते तर तेवढे मनाला लागले नसते. समोरचा म्हातारा आजारी पोट घेऊन, धुळीने भरलेल्या पायांनी, पहाटेपासून चालत आपल्या दाराशी आला आहे आणि स्वतःसाठी काहीच मागत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्याची अशक्तताच लोकांशी बोलली. बलवान माणूस दारी आला तर लोक आदर करतात. थकलेला माणूस दुसऱ्यासाठी दारी आला तर लोक आधी आपल्या कोठाराकडे पाहतात.

परंतु या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. विनोबांनी देशाकडे पाच कोटी एकर मागितले होते. दानपत्रे लिहून मिळाली ती चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची. जगाच्या इतिहासात केवळ मागून एवढी जमीन कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही. तरीही त्यातली जवळजवळ निम्मीच जमीन भूमिहीनांच्या हाती गेली. उरलेली कुठे अडली? काही खडकाळ निघाली, काही वादातली निघाली. कुठे दात्याच्या वारसांनी शब्द फिरवला, कुठे दानपत्रावर गट नंबरच नव्हता, कुठे कागद कचेरीत पडून राहिला. सभेत टाळ्या पडल्या, पण सातबाऱ्यावर नाव चढले नाही. ज्या घरी भाकरी शिजायची होती त्या घरी चूल पेटली नाही.

यात चालणाऱ्याचा दोष फार थोडा. एक माणूस पायांनी मागू शकतो. दिलेले पोहोचवायला मात्र गावेच्या गावे लागतात. पदयात्रा शेवटच्या पावलापर्यंत चालावी लागते, अर्ध्या वाटेवर बसलेल्याला कुणी पंढरपूरला गेला असे म्हणत नाही. दानाचेही तसेच आहे. शब्द दिला हे पहिले पाऊल. ज्याचे आहे त्याच्या हाती ते पोहोचले, की यात्रा पुरी झाली.

आपल्या जिल्ह्यात वेरूळचे घृष्णेश्वराचे देऊळ उभे आहे. मालोजीराजे भोसल्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला, पुढे अहिल्यादेवी होळकरांनी केला. त्यांची नावे आजही घेतली जातात, कारण देऊळ प्रत्यक्ष उभे राहिले. कळसापर्यंत दगड चढला. केवळ संकल्प सोडला असता तर आज कुणाला आठवले असते?

गावोगावच्या देवळांच्या वह्यांत देणग्यांचे आकडे लिहिलेले असतात. कुणी हजारोंनी दिले, कुणी सिमेंटचे पोते दिले, कुणाजवळ काहीच नव्हते म्हणून त्याने चार दिवस खडी वाहिली. देवाच्या दरबारात हे सारे एकाच ओळीत मांडले जाते. मात्र वहीतली बोललेली वर्गणी आणि जमा झालेली वर्गणी यांच्यात अंतर राहू नये, आणि जमा झालेल्या पैन् पैचा हिशेब गावापुढे वाचला जावा. दात्याने शब्द पाळणे आणि समितीने हिशेब देणे, हे दोन्ही पाय सारखे पडले तरच वाट सरते.

आणि ज्यांना वाटते की आपण थकलो, आपल्या हातून आता काय होणार, त्यांनी पवनारच्या त्या कुदळीकडे पाहावे. आज देवळापर्यंत चाला, उद्या वेशीपर्यंत, परवा शेजारच्या गावापर्यंत. तिथल्या एखाद्या मुलाच्या शाळेच्या फीसाठी, एखाद्या निराधार माउलीच्या औषधासाठी चार दारी हात पसरा. मिळेल ते त्याच दिवशी ज्याचे त्याच्या हाती द्या आणि मगच घरी परता. नाथांच्या कावडीतले पाणी असेच सार्थकी लागले होते.

पांडुरंग सर्वांच्या पायांना बळ देवो आणि दिलेला शब्द पुरा करण्याची बुद्धी देवो.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!