चूक एवढीशी, शिक्षा अख्ख्या बाईला

भाकरी करपली तर 'भाकरी करपली' एवढंच आपण म्हणत नाही. 'मी मेली कशाच्याच कामाची नाही' म्हणतो. बचत गटाचा हप्ता राहिला, की बैठकीत तोंड दाखवायला नको वाटतं.

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. तिचं सांगणं साधं आहे: कृती चुकली म्हणा, माणूस नालायक म्हणू नका.

आम्ही गटात हे असं करतो. मनात टोचणारं वाक्य बोलायचं. नको असेल तर मनातच ठेवायचं. मग तीन प्रश्न. हे आधी कुणाच्या तोंडून ऐकलं? ते खरं कशावरून? शेजारणीला आपण असं म्हणू का? कितीदा ते वाक्य दुसऱ्याचंच निघतं, आपण नुसतं पाठ केलेलं! मग ते बदलायचं: 'हप्ता राहिला. पुढच्या महिन्यात दोन भरीन.' आणि गटातलं गटातच राहतं.

लाज एका दिवसात जात नाही. झोप उडाली, जगणं नकोसं झालं, तर १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.