एका बुखारीभोवतीचं घर

आपल्याकडे पारा दहा अंशांवर आला की वर्तमानपत्रांत शेकोट्यांची छायाचित्रं छापून येतात. लडाखमधलं द्रास सुमारे १०,८०० फुटांवर आहे. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. १९९५ च्या जानेवारीत तो उणे साठवर गेला होता, असं गावकरी सांगतात. मित्रहो, १९९९ च्या युद्धामुळे द्रासचं नाव आपल्याला कळलं. पण तिथे संसार कसा चालतो, हे आपण क्वचितच विचारतो.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी तिथल्या एका घरी चार दिवस राहिलो. हिवाळा यायचा होता, पण सारं घर त्याच्याच तयारीत होतं. छपरावर गुरांसाठी गवताच्या पेंढ्या, भिंतीशी गोवऱ्या आणि सरपण, उन्हात वाळत घातलेले सलगम आणि पालेभाज्या. आपल्या बायका उन्हाळ्यात सांडगे-पापड घालतात, तशीच लगबग.

डिसेंबर लागला की हे घर एका खोलीत येतं. बुखारी, म्हणजे लोखंडी शेगडी, तिथेच पेटते. बाकीच्या खोल्या बंद. नळ गोठतात, पाणी झऱ्यावरून आणायचं. बुखारीवर सतत भांडं ठेवलेलं. पहिलं गरम पाणी आजोबांच्या वजूला, मग मुलांची तोंडं धुवायला, उरलेलं भांड्यांना. शाळांना सुट्टी थंडीची. खेळ, अभ्यास, खारा चहा, आजारपण, सगळं त्या खोलीत.

मी हसत विचारलं, "आणि भांडण झालं तर?"

घरच्या बाई म्हणाल्या, "जाणार कुठे भाईजान? दार उघडलं तर सगळ्यांचीच ऊब जाते. म्हणून लवकर मिटवतो."

त्यांची थोरली मुलगी श्रीनगरला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण जानेवारीत होतं. पहिलटकरणीनं माहेरी यावं, ही रीत आपल्यासारखीच. पण अडल्यावेळी जोझिला खिंड बर्फानं बंद असली तर मोठ्या इस्पितळात न्यायचं कसं? म्हणून आईनंच खिंड बंद होण्याआधी लेकीकडे जायचं, असं घाटत होतं. गेली की वाट उघडेपर्यंत परतणं नाही. मग धाकटी मुलं आणि थकलेले सासरे यांचं काय? या प्रश्नावर बाईंचे हात सलगम चिरता चिरता थांबत.

तिसऱ्या रात्री आजोबाच म्हणाले, "तू जा, बेटी. बुखारी मी सांभाळीन."

कोणी काही बोललं नाही. सकाळी बाईंनी मुलांचे लोकरी मोजे काढून मोजायला घेतले.

पूर्वी पाच-सहा महिने बंद राहणारी ही खिंड २०२४ मध्ये ३५ दिवसच बंद होती. २०२० मध्ये तिच्याखालून बोगद्याचं कामही सुरू झालं. त्याचं लष्करी महत्त्व आपण जाणतोच. मला मात्र त्या बाई आठवतात. वाट बारमाही झाली, की लेक आणि म्हातारे सासरे यांच्यातून एकाला निवडायची वेळ कुठल्या आईवर येणार नाही.