चुळीआधी तोंड पाहा
(जुन्नर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संक्षेपाने)



या दिवसांत नाणेघाटाच्या वाटेने जा किंवा आंबेगावात आहुप्याकडे वळा, अंगणा-अंगणांत बाळहिरडा वाळत पडलेला दिसेल. कित्येक आदिवासी घरांची पावसाळ्याची बेगमी त्याच्यावर होते. हिरडा तुरट लागतो तो त्यातल्या टॅनिनमुळे. तुरट रसाने सुजलेल्या हिरड्या आवळतात, म्हणून त्याच्या काढ्याची चूळ पूर्वापार चालत आली. आयुर्वेदाने तर चुळीचेही प्रकार केले. तोंडात खळखळवता येईल इतकाच द्रव घेतला तर तो कवल. तोंड गच्च भरून न हलवता धरला तर गंडूष. कशाला कोणती चूळ, हा विचार आपल्याकडे जुना आहे. औषधाच्या दुकानात रंगीत बाटल्यांसमोर तोच करायचा.

हिरड्यांतून रक्त येत असेल, तर दंतवैद्य बहुधा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन देतात. दहा मिलिलिटर, दिवसातून दोनदा, अर्धा ते एक मिनिट. ते जंतू मारते, पण फार दिवस वापरले की दात तपकिरी पडतात, चव बिघडते. म्हणून सांगितले तितकेच दिवस घ्या. टूथपेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर कमी होतो. ब्रशनंतर अर्धा तास जाऊ द्या. दात वारंवार किडत असतील, तर फ्लोराइडची चूळ. मात्र सहा वर्षांखालच्या मुलाला ती देऊ नका, ते गिळते. तोंड कोरडे पडत असेल, तर बाटलीवर अल्कोहोल लिहिले आहे का ते पाहा आणि असेल तर ती परत ठेवा. दात काढला असेल, तर पहिले चोवीस तास खळखळून चूळ नको. नंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, हलक्याने.

यांतली एकही चूळ ब्रशची जागा घेत नाही. दातांवर चिकटलेला थर घासल्याशिवाय निघत नाही.

आता मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट. आपल्या कितीतरी आया-बहिणी पहाटे तव्यावर तंबाखू भाजून मशेरी लावतात. तिने दात साफ होतात, ही समजूत खोटी आहे. तंबाखू भाजली तरी तंबाखूच. तिने तोंडाचा कर्करोग होतो. सुवासिक चुळीने वास जातो, तोंडात पडलेला चट्टा जात नाही. उलट वास गेला की काळजीही जाते, आणि दाखवायला उशीर होतो.

म्हणून उद्या सकाळी एवढे करा. घरातल्या मशेरी लावणाऱ्या आईला, आजीला दारात उजेडाला बसवा. ओठ आणि गाल हलकेच ओढून पाहा, जीभ उचलायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर चूळ शोधत बसू नका. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.