पत्रीची नावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘मुले आणि निसर्ग’ या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठमोठे शब्द माझ्याकडून निघायचे नाहीत; दाराशी जे दिसते तेवढेच सांगणार आहे.

मंगळागौरीला, हरतालिकेला आपण पत्री वाहतो. आघाडा, दूर्वा, माका, केना, बेल, धोत्रा, कण्हेर. पूर्वी ही पत्री मुलीच गोळा करून आणीत. त्या निमित्ताने सकाळी बांधावर, ओढ्याकाठी हिंडणे होई आणि कोणते पान कुठे मिळते ते आपसूक पाठ होई. आता बाजारात दोऱ्याने बांधलेली जुडी मिळते. तीत आघाडा म्हणून भलतेच काही घातले तरी ओळखणार कोण? पूजा होते, पण मुलीला पान कळत नाही. शाळेत पर्यावरण हा विषय आहे. त्याची वही मुले सुरेख भरतात, चित्रे दुकानातून आणून चिकटवतात. दाराशी उगवलेला केना मात्र कुणी पाहत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की या श्रावणात आपण जुडी विकत न आणता मुलांना घेऊन ओढ्याकाठी जावे. मुलगेही न्यावेत, हे बायकांचे काम म्हणून त्यांना घरी ठेवू नये. माक्याचे पान कागदावर चोळले की हिरवा डाग हळूहळू काळा पडतो. त्याच माक्याचे तेल आपण केसांना लावतो, हे मुलींना सांगावे. केन्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणजे उशिरा उठणाऱ्याला ते दिसायचेच नाही! आघाड्याचे बी कपड्यांना चिकटून गावभर फिरते. धोत्रा आणि कण्हेर विषारी आहेत. ती दाखवावीत, पण तोडायचे काम मोठ्यांनी करावे आणि हात धुवावेत. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, तेही ओळखता आले पाहिजे. लागेल तेवढेच खुडावे, मुळासकट उपटू नये.

यात मुलांच्या डोळ्यांचाही फायदा आहे. तैवान देशात लहान मुलांना फार चष्मे लागू लागले, तेव्हा 2010 साली सरकारने शाळांना सांगितले की मुलांना रोज दोन तास बाहेर उजेडात ठेवा. वर्षानुवर्षे वाढत गेलेले अधू नजरेच्या मुलांचे प्रमाण त्यानंतर उतरू लागले. ढगाळ दिवसाचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. शिवाय तासभर हिंडून आलेले पोर चिडचिड न करता जेवते, हे कोणत्याही आईला सांगायला नको.

आता थोडे कडू बोलते. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात. श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही, मीही तो उपास करते. पण ज्या झाडापाशी आयुष्य मागायचे त्याचीच फांदी तोडून आणायची, हे मला पटत नाही. वडाची फळे हरियाल खातो, आणि तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. मुले शेजारी उभी राहून आपण काय करतो ते पाहत असतात. वडापर्यंत चालत जाणे ज्यांना जमत नाही त्यांनी पाटावर वडाचे चित्र काढून पूजा करावी. सासूबाई रागावल्या तर माझे नाव सांगा, मी येऊन बोलेन.

तर श्रावणातल्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मंडळाच्या दाराशी जमावे. मुलांच्या पायांत बूट असावेत. गवतात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहायचे आहे, तेव्हा दोन-तीन काठ्या आणाव्यात. पिशवी कापडी घ्यावी. परत आल्यावर पोहे माझ्याकडे. आणि मोबाईल आपणही घरीच ठेवू या. अडीअडचणीला एकीजवळ असला म्हणजे पुरे.