तक्रार घेऊन बाईने जायचे कोणाकडे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय अवघड आहे. विहारात असले काही काढू नये, असे एक-दोन वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. पण जे आपल्या लेकीबाळींना दालमिलमध्ये, जिनिंगमध्ये, दवाखान्यात आणि दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करताना सोसावे लागते, ते विहारात नाही काढायचे तर कोठे काढायचे? पंचशीलातले तिसरे शील आपण दर वंदनेला म्हणतो. ते मालकाला, मुकादमाला, सुपरवायझरला कामाच्या जागी लागू नाही असे तथागतांनी कोठे सांगितलेले नाही.

हा विषय आपल्याला नवाही नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. बाबासाहेब स्वतः हजर होते आणि अध्यक्षस्थानी होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, कामकरी बायकांसाठी भरपगारी रजा मागितली, आणि गिरणीतल्या बायकांवर देखरेखीला बायकाच नेमाव्यात अशीही मागणी केली. ती मागणी का झाली असेल? आम्ही गिरणीत उभे आयुष्य घातले, आम्हाला ते कोणी समजावून सांगायला नको. हजेरी ज्याच्या हातात, पाळी ज्याच्या हातात, त्याच्यापुढे बाई किती वेळा नाही म्हणणार? त्या बायकांपैकी कितीजणींना लिहिता-वाचता येत असेल! पण दुखणे नेमके कोठे आहे ते त्यांना कळत होते.

आता आपल्या जिल्ह्यातलीच, पण अलीकडची गोष्ट. मेळघाटात हरिसालला दीपाली चव्हाण या वनपरिक्षेत्र अधिकारी होत्या. जंगलात धडाडीने काम करणारी बाई म्हणून त्यांचे नाव होते. २५ मार्च २०२१ रोजी त्यांनी सरकारी निवासस्थानी स्वतःवर गोळी झाडून घेतली. मागे पत्र सापडले. वरचे साहेब सर्वांसमोर शिवीगाळ करतात, रात्री-बेरात्री बोलावतात, सुट्टी देत नाहीत, गरोदरपणात जंगलात पायी फिरवले, असे त्यात लिहिले होते. कोणावरचा आरोप कितपत खरा हे ठरवणे न्यायालयाचे काम, ते आपण करायचे नाही. यातले कायद्याच्या व्याख्येत काय बसते आणि काय नाही, हेही वकिलांनी बघावे. आम्हाला त्या पत्रातली वेगळीच गोष्ट टोचते. ते पत्र त्यांनी ज्यांच्या नावे लिहिले, त्याच वरिष्ठांकडे आपण आधी तक्रार केली होती आणि तिचे काही झाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ती बाई गप्प बसली नव्हती. ती बोलली होती.

अटक, बदली, निलंबन हे सगळे झाले, पण बाई गेल्यावर झाले. आणि राज्य महिला आयोगाला त्या वेळी अध्यक्षच नव्हत्या. फेब्रुवारी २०२० पासून ऑक्टोबर २०२१ पर्यंत ती खुर्ची रिकामी होती. कमरेला सरकारी पिस्तूल असलेल्या अधिकारी बाईची जर ही गत, तर रोजंदारीवर डाळ निवडणाऱ्या बाईचे काय?

आपल्याकडे बायांनाच विचारतात, "तू आधी काहून नाही बोलली?" आमचा सवाल मालकाला आहे. ती बोलली तेव्हा तू काय केले?

तो काय करतो ते आम्ही पाहिले आहे. एका गिरणीत, नाव घेत नाही, वायंडिंग खात्यातल्या कंत्राटी बाईने सुपरवायझरची तक्रार केली. मॅनेजरने सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि बाईचे खाते बदलले. महिनाअखेर ठेकेदार तिला म्हणाला, "आता काम नाही, बोलावू तेव्हा ये." कागदावर तिला कोणीच काढले नाही! आम्ही पाच-सहा जण विचारायला गेलो, तर उत्तर मिळाले, ती आमची कामगारच नाही, ठेकेदाराची आहे.

हे उत्तर कायद्यात बसत नाही, हे सर्वांनी नीट ऐकावे. हा कायदा कोणी दान म्हणून दिलेला नाही. राजस्थानात भंवरीदेवी नावाची कुंभार समाजाची बाई सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून काम करत होती. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ज्या सरकारचे काम ती करत होती त्याने हात वर केले आणि १९९५ साली खालच्या कोर्टात बलात्काराच्या आरोपातून आरोपी सुटले. उच्च जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला कसे शिवतील, असाही युक्तिवाद निकालात होता. विटाळ कोठे पाळायचा आणि कोठे नाही, हे यांना बरोबर ठाऊक! या प्रकरणावरून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल लागला आणि त्यावरून २०१३ साली कायदा झाला.

या कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, सगळ्या बाया येतात. जेथे दहा किंवा जास्त माणसे काम करतात तेथे मालकाने तक्रार समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाई हवी, निम्म्या तरी बाया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाचीच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. घरकाम करणाऱ्या बाईलाही ती वाट मोकळी आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, लिहिता येत नसेल तर लिहून देणे हे समितीचेच काम. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. आणि "हे घे पैसे, मिटवून टाक" असा समझोता या कायद्यात चालत नाही.

पण समिती कागदावरच असली तर? मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावे लागले की इतक्या वर्षांनंतरही अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत. देशातल्या तीस क्रीडा महासंघांपैकी सोळांत समितीच नव्हती. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, पण विचारणारा कोणी असेल तर ना.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजासाठी. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते, त्यामुळे आपल्या बाईला ॲट्रॉसिटी कायद्याचेही संरक्षण आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीच्या बाईला तिच्या मर्जीविरुद्ध लैंगिक हेतूने हात लावणे, तसे बोलणे, हावभाव करणे हाही त्यात गुन्हा आहे. म्हणून जातीचे दाखले जपून ठेवा.

सिगालसुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. ताकद पाहून काम द्यावे, वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. हरिसालच्या पत्राशेजारी हे सुत्त ठेवून वाचा.

आता थोडे घरचे. मालकाच्या आधी तक्रार दाबतो तो घरचा माणूस. पोरगी रडत येते आणि आपण म्हणतो, "लोक काय म्हणतीन? सोडून दे थे काम." काम सुटले की सुपरवायझर मोकळा, उद्या दुसऱ्याची पोरगी त्याच मशीनवर. जयंतीच्या मिरवणुकीत स्त्रीमुक्तीच्या घोषणा देणाऱ्या आपल्या तरुणांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. यातले काहीजण स्वतः मुकादम आहेत.

आमची सूचना साधी आहे. उद्या कामावर गेलात की भिंतीवर समितीचा फलक आहे का पाहा. असेल तर नावे उतरवून आणा, नसेल तर तेही सांगा. पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात एक वही ठेवू. त्यात कारखान्याचे नाव आणि समिती आहे की नाही एवढेच लिहायचे. कोणत्याही बाईचे नाव त्या वहीत येणार नाही. वही भरली की तिच्यावरून एक निवेदन तयार करू आणि जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देऊ. ते द्यायला बायांनी पुढे राहावे, आम्ही मागे उभे राहू. अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोतच, अक्षर फार चांगले नाही, पण वाचता येते.

जयभीम! नमो बुद्धाय!