न पाहिलेलें कुलूप

रात्रीच्या वेळीं अंगणांत पाऊल टाकावें आणि पायाजवळचा पालापाचोळा एकाएकीं सळसळावा. क्षणार्धांत छाती धडधडूं लागते, हातपाय गार पडतात, डोळे विस्फारतात. दिवा आणून पाहावें तों ती सळसळ एखाद्या उंदराची निघते. मनाची समजूत पटते, पण छातीची धडधड कांहीं केल्या लगेच थांबत नाहीं. ह्या धडधडीस मुख्यतः कारण होतो तो अॅड्रेनलीन नांवाचा स्राव. मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या दोन लहान ग्रंथि आहेत त्यांतून तो थेट रक्तांत उतरतो. असे रक्तांतून दूरच्या अवयवांकडे हुकूम घेऊन जाणारे जे स्राव, त्यांस हॉर्मोन असें म्हणतात.

ह्या अॅड्रेनलीनची एक गोष्ट शास्त्रज्ञांस फार दिवस कोड्यांत टाकीत होती. तो कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतो, पण स्नायूंतील रक्तवाहिन्या सैल करूं शकतो. हृदयास चाबूक मारतो, आणि आंतड्यांस मात्र गप्प बसवितो. गुरुजींनीं वर्गांत ‘उभे राहा’ म्हणावें आणि अर्ध्या मुलांनीं ताडकन् उभें राहून उरलेल्यांनीं बाकावर डोकें टेकावें, तसाच हा प्रकार! अमेरिकेंतील कॅनन व रोझेनब्ल्यूथ ह्या विद्वानांनीं १९३३ सालीं ह्याचा उलगडा असा केला कीं, मज्जातंतूंतून सुटलेला पदार्थ अवयवांत शिरून दोन निरनिराळीं रूपें घेतो. एक रूप उत्तेजक, दुसरें शामक. कॅनन हे मोठ्या अधिकाराचे पुरुष. त्यामुळें हें मत पाठ्यपुस्तकांत स्थिर होऊन बसलें.

हुकूम दोन नसून ऐकणारे कान दोन प्रकारचे असतील, ही कल्पना कोणाला सुचूं नये असें नव्हतें. केंब्रिज येथील लँगली यांनीं १९०५ मध्येंच पेशींत औषध ‘ग्रहण करणारें’ कांहींतरी असावें असें लिहून ठेविलें होतें. परंतु तें कांहींतरी कोणीं पाहिलें नव्हतें, आणि न पाहिलेल्या वस्तूवर शास्त्र उभारण्याची लाज कोणास वाटणार नाहीं?

जॉर्जिया संस्थानांतील ऑगस्टा येथें एका वैद्यकीय महाविद्यालयांत रेमंड आल्क्विस्ट नांवाचे अध्यापक होते. हे गृहस्थ रोगी तपासणारे डॉक्टर नव्हेत. औषधनिर्मितीचें शिक्षण घेऊन औषधिविज्ञानाकडे वळलेले. गर्भाशयाचे स्नायु सैल करणारें एखादें औषध सांपडावें ह्या साध्या हेतूनें त्यांनीं काम आरंभिलें होतें. हृदयाचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. अॅड्रेनलीन व त्याच्या जातीचीं, एकमेकांशीं सख्ख्या भावंडांप्रमाणें मिळतीं-जुळतीं अशीं मोजकीं द्रव्यें त्यांनीं घेतलीं आणि बेशुद्ध केलेल्या प्राण्यांच्या निरनिराळ्या अवयवांवर त्यांचा परिणाम पाहिला. प्रत्येक ठिकाणीं त्यांनीं एकच प्रश्न विचारला : ह्या द्रव्यांत सर्वांत प्रबळ कोणतें, त्याच्या खालोखाल कोणतें, आणि सर्वांत दुबळें कोणतें?

उत्तर आलें तें चकित करणारें होतें. अवयव अनेक, पण प्रबळतेचे क्रम दोनच! रक्तवाहिन्या आवळण्याच्या कामीं अॅड्रेनलीन पहिलें, नॉरअॅड्रेनलीन त्याच्या मागोमाग, आणि आयसोप्रिनलीन नांवाचें द्रव्य अगदीं शेवटीं. हृदयाची गति वाढविण्याच्या कामीं हेंच आयसोप्रिनलीन पहिल्या बाकावर, अॅड्रेनलीन दुसरें, आणि नॉरअॅड्रेनलीन थेट शेवटीं. द्रव्यें तींच असतां क्रम उलटतो, म्हणजे फरक द्रव्यांत नाहीं. तो तीं ज्या जागीं जाऊन बसतात त्या जागांत आहे. किल्ल्या त्याच, कुलुपें दोन. आल्क्विस्टनीं पहिल्यास ‘आल्फा’ रिसेप्टर व दुसऱ्यास ‘बीटा’ रिसेप्टर अशीं नांवें दिलीं. विशेष हें कीं, उत्तेजक आणि शामक हा जुना भेदही त्यांनीं मोडला. बीटा रिसेप्टर हृदयास उठवितो आणि तोच अन्यत्र स्नायु सैल करतो.

हा प्रबंध ज्या मासिकाकडे प्रथम गेला तेथून तो परत आला. अखेर एका वजनदार सहकाऱ्यानें शब्द टाकल्यावर तो १९४८ सालीं अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजीमध्यें छापून निघाला. पंधरा पानांचा तो लेख जवळजवळ दहा वर्षें धूळ खात पडला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आल्क्विस्टनीं फक्त एक शहाणपण केलें : १९५४ मध्यें औषधिविज्ञानाच्या एका मोठ्या पाठ्यपुस्तकांतील प्रकरण लिहितांना त्यांत आपली ही कल्पना घालून ठेविली.

तें प्रकरण स्कॉटलंडमधील जेम्स ब्लॅक ह्या तरुण डॉक्टरच्या वाचनांत आलें. त्यांच्या मनांत अंजायनाचा, म्हणजे हृच्छूलाचा प्रश्न घोळत होता. हा रोगी चार पायऱ्या चढला, कीं कोणाशीं दोन शब्द वाकडे बोलला, कीं त्याची छाती आवळून येते. कारण अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून हृदयास पुरेसा प्राणवायु मिळत नाहीं. त्या काळचे बहुतेक सर्व प्रयत्न प्राणवायूचा पुरवठा वाढविण्याचे. ब्लॅक यांनीं प्रपंचांतल्या शहाण्या माणसाप्रमाणें विचार केला : मिळकत वाढत नसेल, तर खर्च कां कमी करूं नये? अॅड्रेनलीन हृदयास पळवितो म्हणून मागणी वाढते. आल्क्विस्ट म्हणतात तें बीटा कुलूप खरोखरच असेल, तर त्यांत बसेल पण फिरणार नाहीं अशी किल्ली करावी, म्हणजे खऱ्या किल्लीस जागाच उरणार नाहीं.

१९५८ मध्यें ब्लॅक इंग्लंडांतील आय. सी. आय. कंपनींत गेले. त्याच वर्षीं अमेरिकेंत पॉवेल व स्लेटर यांनीं बीटा रिसेप्टर अडविणारें एक द्रव्य प्रसिद्ध केलें. पण तें स्वतःच हृदयास थोडें डिवचीत असे. ब्लॅक यांच्या मंडळींनीं त्यावरून प्रोनेथलॉल काढलें. त्यानें रोग्यांस गुण येऊं लागला, परंतु उंदरांत गांठी उत्पन्न झालेल्या दिसल्यानें तें मागें घ्यावें लागलें. नंतर आलें तें प्रोप्रानोलॉल. १९६५ पासून तें रोग्यांच्या हातीं पडूं लागलें. ज्या गोळ्यांच्या नांवाच्या शेवटीं ‘लॉल’ येतें आणि ज्या आज रक्तदाबाच्या, हृदयरोगाच्या कितीतरी घरांत फडताळावर असतात, त्यांची ही मूळ पुरुषपरंपरा.

अमेरिकेंत हृदयविकाराचा झटका येऊन वांचलेल्या ३,८३७ रोग्यांवर प्रोप्रानोलॉलची परीक्षा झाली. सरासरी २५ महिन्यांत साध्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ९.८ दगावले, औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ७.२. हा फरक पाहून १९८१ मध्यें ती परीक्षा मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आली.

आणि हृदय दुबळें झालेल्या रोग्यांचें काय? त्यांस हें औषध म्हणजे विष, असें सर्वत्र शिकविलें जाई. थकलेल्या बैलास आणखी आवर कशाला घालावयाचा? स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील वागस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७५ मध्यें अशाच सात रोग्यांस ह्या कुळांतील औषध देऊन ते सुधारल्याचें लिहिलें, तेव्हां वैद्यकवर्गानें मान हालविली ती नकारार्थीच. १९९९ सालीं ३,९९१ रोग्यांवरील परीक्षेंत ह्याच कुळांतील मेटोप्रोलॉलनें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३४ नें घटविलें, आणि कालचें विष आजचा उपचार झाला. उलट, झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाची शक्ति शाबूत राहिली आहे त्यांना हें औषध देऊन कांहीं विशेष लाभ होत नाहीं, असें मुख्यतः स्वीडनमध्यें झालेल्या २०२४ च्या परीक्षेंत आढळलें. म्हणजे ह्या गोळीचा शेवटचा शब्द अजून लिहिला जात आहे. एक गोष्ट मात्र घरोघर माहीत असावी. श्वासनलिका सैल ठेवणारें कामही एका बीटा रिसेप्टरचेंच आहे, म्हणून दमेकऱ्यास प्रोप्रानोलॉल घातक ठरूं शकतें. आणि हृच्छूल असणाऱ्यानें ही गोळी स्वतःच्या मतानें एकाएकीं बंद केली, तर इतके दिवस कोंडलेलें हृदय उसळून उठतें.

१९७६ मध्यें आल्क्विस्ट व ब्लॅक यांस लास्कर पारितोषिक एकत्र मिळालें. आल्क्विस्ट १९८३ मध्यें वारले. ब्लॅक यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें १९८८ सालीं. आल्क्विस्टनीं आपण वर्णिलेले रिसेप्टर जन्मभर पाहिले नाहींत, आणि उतारवयांतही ते त्यांस निरीक्षणांची संगति लावण्यासाठीं मनानें केलेली एक कल्पनाच मानीत. १९८६ मध्यें लेफ्कोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बीटा रिसेप्टरची जनुक-लिपि वाचली. २००७ सालीं कोबिल्का यांच्या प्रयोगशाळेनें स्फटिकावर क्ष-किरण टाकून त्याचा आकार जगास दाखविला : पेशीच्या आवरणांतून सात वेळां आरपार गेलेला एक धागा, आणि त्याच्या मध्यें किल्ली बसण्यापुरती खोबण. तो पंधरा पानांचा लेख छापला गेल्यास त्या वेळीं ५९ वर्षें झालीं होतीं.