परड्यातली गाडी

मागच्या भाषणात आपण गटाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. आज ज्या कामाबद्दल बोलणार आहोत, ते गटाच्या कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. त्यासाठी आम्ही कर्ज घेतलं नाही, अनुदान मागितलं नाही आणि त्यातून अजून एक रुपयाही मिळालेला नाही. आमच्या गटातल्या सातजणी गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी दोन ते पाच एका जुन्या पिकअप गाडीची दुरुस्ती करतात. हौस म्हणून.

ही गाडी आमच्यातल्या एका काकींच्या परड्यात उभी होती. आमचं गाव पन्हाळा तालुक्यात, उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यात. काकींच्या मालकांनी ही गाडी लिलावातून घेतली होती आणि गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे भरून ते कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नेत असत. मालक वारले आणि गाडी शेवग्याच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. चाकं मातीत रुतली, हौद्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मग एक दिवस काकींच्या दिरांनी भंगारवाल्याला आणलं. त्यानं फेरी मारून तीस हजार रुपये सांगितले. दीर म्हणाले, "द्या उचलून, जागा तरी मोकळी होईल." काकी नुसत्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. संध्याकाळी बैठकीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मला ती विकायची नाही. पण ठेवून काय करू, ते पण माहीत नाही."

गाडीची थोडी ओळख करून देतो. ही महिंद्राची एफसी. महिंद्रानं आपल्याकडे अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपची जुळणी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुरू केली, हे पुष्कळांना माहीत आहे. त्याच जीपची ही मालवाहू बहीण, १९६०च्या दशकात आपल्याकडे बनायला लागली. जीपसारखं लांब नाक हिला नाही. केबिन पुढे सरकवलेली आणि इंजिन आत, ड्रायव्हरच्या मांडीशेजारी पत्र्याच्या झाकणाखाली. त्यामुळे गाडी लांबीला आखूड, तरी मागं हौदा मोठा. उन्हाळ्यात मालकांची डावी मांडी भाजायची म्हणे, आणि थंडीत पोरं त्याच झाकणावर बसायला भांडायची. आमच्याकडची गाडी १९७४ची, पेट्रोलवर चालणारी, तीन इंग्रजी अक्षरांच्या जुन्या नंबरची. गावात तिला सगळे टेम्पोच म्हणतात. आपण सामानाच्या कुठल्याही गाडीला टेम्पो म्हणतो, पण ते मुळात जर्मनीतल्या एका कंपनीच्या तीनचाकीचं नाव. ती गाडी आपल्याकडे बनायला लागली आणि नाव आपल्या भाषेत राहून गेलं.

तर बैठकीत प्रश्न आला, करायचं काय? दुरुस्त करून भाड्यानं लावू, असं एकीनं सुचवलं. हिशेब मांडून बघितला. पन्नास वर्षांची पेट्रोल गाडी भाड्याच्या धंद्यात आजच्या डिझेल गाड्यांपुढे टिकणार नाही, हे दहा मिनिटांत कळलं. मग आमच्यातली सगळ्यात लहान, शिलाईकाम करणारी, म्हणाली, "मग नुसती नीट करूया की. चालू झाली तर बघायला किती छान वाटेल." बैठकीत जरा शांतता झाली. गटाच्या दशसूत्रीत हौस हे सूत्र कुठंच नाही ना!

हा प्रश्न आम्हाला नंतर शंभर वेळा विचारला गेला. उपयोग काय? घरातून विचारला, पारावरून विचारला, गटांच्या कामावर देखरेख करणाऱ्या एका साहेबांनीही विचारला. आमच्या भागात पुरुष माणसानं शर्यतीचा बैल पाळला, त्याला दूध-अंडी चारली, तर त्याला हौशी म्हणतात, आणि कौतुकानं म्हणतात. दुपारभर पत्ते कुटले तरी त्याचा उपयोग कुणी विचारत नाही. बाईनं तीन तास स्वतःच्या आवडीनं घालवले की मात्र लगेच त्यातून किती सुटले ते सांगावं लागतं. आम्ही साहेबांना एवढंच सांगितलं, की गटाच्या बचतीतला पैसा याला लागत नाही. ज्या सातजणी येतात त्या महिन्याला स्वतःचे दोनशे रुपये काढतात, त्याची वही वेगळी, ती हवी तर बघा. त्यांनी वही बघितली नाही.

शिकवायला तात्या मेस्त्री मिळाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा सगळा जन्म इंजिनं खोलण्यात गेला, आता गावी येऊन राहिलेत. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा हातानं बनवला, तिथल्या मेस्त्रीला कुठलं यंत्र अवघड म्हणून सांगायचं नाही. तात्यांची अट एकच होती. "मी हात लावणार नाही. तुम्ही लावायचा. मी खुर्चीवर बसून ओरडणार."

आणि पहिल्या दिवशी ओरडले ते दागिन्यांवरून. बॅटरीच्या दोन टोकांना मंगळसूत्र किंवा बांगडी टेकली तर ती क्षणात लाल होते, कातडी जळते. बांगड्या काढायला एकीच्या सासूबाईंचा ठाम नकार होता. त्यावर तोडगा म्हणून तिनं नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मनगटाशी बटण लावलं, मंगळसूत्र आत खोचलं, पदर कमरेला घट्ट बांधला. आता सगळ्याजणींचा तोच गणवेश झालाय. दुसरं ओरडणं जॅकवरून. गाडी नुसत्या जॅकवर उचलून कुणी खाली शिरायचं नाही. बाभळीचे जाड ओंडके आधी चेसीखाली द्यायचे, गाडी हलवून बघायची, मगच खाली जायचं. तुमच्या घरातले पुरुष ट्रॅक्टरखाली शिरतात ना, त्यांनाही हे सांगा.

चाकं काढताना एक गंमत कळली. उजव्या बाजूचे नट नेहमीसारखे डावीकडे फिरवून सैल होतात आणि डाव्या बाजूचे उलट. जुन्या जीपच्या घराण्यात डाव्या चाकांना उलटे आटे असायचे. चाक पुढं फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही काळजी. तात्यांनी आधी सांगितलं म्हणून बरं, नाहीतर पान्याला पाइप लावून सातजणी लोंबकळलो असतो आणि नट आणखी घट्ट बसला असता.

इंजिन जाम होतं. इतकी वर्षं उभं राहिल्यावर पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला गंजून चिकटतात. प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. पुढच्या रविवारी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढून मागून हलके हिसके दिले. काही नाही. पुन्हा ओतलं, पुन्हा आठवडा. तिसऱ्या रविवारी मागचं चाक बोटभर फिरलं आणि आत काहीतरी सुटल्याचा आवाज आला. काकी शेवग्याला टेकून उभ्या होत्या, त्या खालीच बसल्या.

इंजिन खोललं तेव्हा दोन सिलिंडर ओरखडलेले निघाले. ते काम हातानं होणारं नव्हतं, म्हणून ब्लॉक उद्यमनगरात नेऊन बोअर करून आणला आणि एक माप मोठे पिस्टन घातले. या जीपचं इंजिन आपल्याकडे इतकी वर्षं वापरात होतं की सुटे भाग अजून धुंडाळले तर मिळतात. व्हॉल्व्ह मात्र आम्ही स्वतः बसवले. व्हॉल्व्हच्या कडेला बारीक वाळूसारखी पेस्ट लावायची, रबराच्या वाटीची काठी त्यावर चिकटवायची आणि काठी दोन्ही तळव्यांमध्ये धरून पुढंमागं फिरवायची. व्हॉल्व्हची कड आणि त्याची बैठक एकमेकांवर घासून एकजीव होतात, मग हवा सुटत नाही. तात्या समजावून सांगायला लागले, तोवर आमच्यातल्या एका मावशींनी काठी घेतली आणि फिरवायला सुरुवातही केली. ताक घुसळायची रवीच ती. तात्या म्हणाले, उद्यमनगरात पोराला हे वळण लागायला महिना जातो.

ब्रेकचं कामही दोघींनी मिळून करायचं. ऑइल भरल्यावर नळ्यांमध्ये हवा राहिली तर पेडल नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही. म्हणून एकीनं केबिनमध्ये बसून पेडल दाबून धरायचं, दुसरीनं चाकाशी निप्पल सैल करायचा, बुडबुडे बाहेर आले की लगेच आवळायचा, मगच पेडल सोडायचं. "दाब, धर, सोड" असं चार चाकांना दुपारभर चाललं होतं. शेजारची पोरं अजून आम्हाला बघून "दाब, धर, सोड" ओरडतात. ब्रेकच्या जुन्या लायनरची धूळ मात्र कधी फुंकायची नाही, झाडायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं टाकून द्यायचं. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, तिच्याजवळ चूल, काडी, वेल्डिंग काही आणायचं नाही. आम्ही टाकी लांब शेतात नेली, धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि मूठभर नट आत घालून खळखळवली. चिखलासारखा गंज निघाला.

आता कागदांचं सांगतो, कारण हे तुमच्यापैकी अनेकींच्या घरात असेल. गाडी काकींच्या मालकांच्या नावावर होती. ते गेले तरी कागदावर तेच मालक. मोटरसायकल असो, ट्रॅक्टर असो, मालक वारल्यावर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. उशीर झाला तर दंड पडतो, पण नाव लागतं. २०२१ पासून नोंदणी पुस्तकात नॉमिनीचं नाव आधीच लावायचीही सोय झाली आहे. गाडीवाल्यांच्या घरातल्या बायकांनी हे आजच विचारून ठेवावं.

आणि हक्काचं म्हणाल तर नवऱ्यानं स्वतःच्या कमाईची वस्तू मृत्युपत्र न करता मागं ठेवली, तर हिंदू वारसा कायद्यानं पहिला हक्क बायको, मुलं, मुली आणि नवऱ्याच्या आईचा. हे सगळे असताना भावाला त्यात वाटा नाही. काकींच्या सासूबाई नाहीत. काकी, मुलगा आणि लग्न झालेल्या दोन्ही मुली, एवढेच वारस. मुली सासरहून आल्या, मुलगा पुण्याहून आला, तिघांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या आणि गाडी काकींच्या नावावर झाली. दिरांना हे काकींनी स्वतः सांगितलं, आम्ही मध्ये पडलो नाही. ते चार महिने बोलत नव्हते. आता परड्यात येऊन हौद्याच्या फळ्यांना कुठलं लाकूड चांगलं, ते सांगून जातात.

गाडी रस्त्यावर मात्र अजून आणलेली नाही. पन्नास वर्षांपुढच्या जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळी नोंदणी निघाली, तिचा नंबरही वेगळा असतो, हे ऐकून आम्हाला आनंद झाला होता. चौकशी केल्यावर कळलं, की ती सोय दुचाकीला आणि माणसं बसायच्या चारचाकीला आहे, आणि नवी नोंदणी वीस हजार रुपयांची. हौदेवाल्या गाडीला ती वाट नाही. म्हणजे साध्या वाटेनंच जायचं. थकलेला कर, विमा, योग्यता तपासणी. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे. ते पैसे आम्ही साठवतोय. तोवर गाडी काकींच्या स्वतःच्या रानात, बांधापासून विहिरीपर्यंत फिरते.

ती पहिल्यांदा सुरू झाली ती गेल्या माघात. पॉइंटची फट मोजायला फिलर गेज होता, तरी तात्यांनी जुन्या सवयीनं लग्नपत्रिकेचा तुकडा घालून बघितला. किल्ली काकींनी फिरवली. दोनदा खाकरली, कार्बोरेटरमधून फट्‌ आवाज झाला, आणि मग धरली. निळा धूर सगळ्या परड्यात पसरला, कोंबड्या पळाल्या. काकी कितीतरी वेळ इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "तापायला लागलं बघा."

सध्या तिघीजणी शिकाऊ परवाना काढून गाडी चालवायला शिकताहेत. त्यातल्या एक काकी आहेत, वय अठ्ठावन्न. सीटला रेक्झिन शिवून झालं, आतल्या गादीला जुन्या वाकळी घातल्या आहेत. हॉर्न वाजत नाही आणि डावा दिवा लागला की उजवा विझतो, त्याची वायर शोधायची आहे. हौद्याच्या मागच्या फळीची मूळ साखळी हरवली आहे. कुणाच्या परड्यात, गोठ्यात तशी जुनी साखळी पडली असेल तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. आणि रविवारी दुपारी यायचं असेल तर या, फक्त पूर्ण बाह्यांचा शर्ट घेऊन या.